सोमवारची रात्र

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पुण्याच्या कंपनीत होते तेव्हा तिथल्यांनाही ते फार दिवस लपून राहिलं नव्हतं. वडिलांच्या आजारपणामुळे नोकरी सोडून परभणीला परत आले आणि घरी बसून मिळतील ती कॉम्प्युटरची कामं घ्यायला लागले, तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं, आता भांडायला समोर माणूस तरी नसेल." जुन्या डेटाबेसशीही कडाकडा भांडता येतं, हे तिला कुठून माहीत असणार!

हे काम मला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीनं दिलं. ती बाळंतपणाची डॉक्टर. वडिलांनी सुरू केलेला दवाखाना आता ती चालवते. तिचे वडील हौशी होते. गावात फारसे कॉम्प्युटर नव्हते तेव्हा त्यांनी दवाखान्यात एक आणून ठेवला आणि कुणाकडून तरी बाळंतिणींची नोंद ठेवणारा प्रोग्राम लिहून घेतला. लिहिणारा कोण, आता कुठे असतो, कुणालाच ठाऊक नाही. वडील गेले, कॉम्प्युटर दोनदा बदलला, प्रोग्राम मात्र तोच राहिला. निळा पडदा, पांढरी अक्षरं. मैत्रिणीला आता ते सगळं नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं होतं. सॉफ्टवेअर पुण्याच्या एका कंपनीचं, आणि जुन्यातलं नव्यात ओतायचं काम माझं.

"दोन आठवड्यांत होईल ना गं?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. असल्या प्रश्नाला हो म्हणणारी माणसं एक तर नवशिकी असतात, नाहीतर रिकामी. मी नवशिकी नव्हते.

पहिला दणका वेळेनंच दिला. जुना प्रोग्राम साधा होता. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले की तो सात लिहायचा. कुठल्या देशातले सात, हे लिहायची त्याला गरज वाटली नव्हती. बाळंतिणी यायच्या त्या झरीहून, पोखर्णीहून, पाथरीकडून. त्यांना आणखी कुठले सात माहीत असणार? नवं सॉफ्टवेअर मात्र जगभर विकायचं म्हणून बनवलेलं. ते प्रत्येक वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतं आणि दाखवताना त्यात आपले साडेपाच तास मिळवतं. चाचणी म्हणून जुनी माहिती आत ढकलली, तेव्हा त्यानं आमचे सात हे जगाचे सात समजून घेतले आणि दाखवताना वर साडेपाच तास चढवले. झालं. दिवेलागणीनंतर जन्मलेलं दवाखान्यातलं एकूण एक पोर दुसऱ्या तारखेला जाऊन पडलं.

मी पुण्याला फोन केला. तिकडून एक गोड आवाज म्हणाला, "मॅम, या रेकॉर्डमध्ये वेळ तर अंदाजेच असते ना?" उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात, ते मला त्या दिवशी नीट कळलं. मी म्हणाले, "तुमचा वाढदिवस मी एक दिवस पुढे ढकलला तर चालेल का? अंदाजेच." आमच्याकडे जन्मवेळ ही काय चीज आहे, ते त्यांना सांगावं लागलं. पोरगा लग्नाचा होतो, तेव्हा त्याची आई दवाखान्यात येऊन विचारते, बाई, माझं लेकरू किती वाजता झालं होतं बघा बरं, पत्रिका काढायचीय. पत्रिकेवर माझा काडीचा विश्वास नाही. पण कुणाची जन्मवेळ हलवायचा हक्क मला कुणी दिलेला नाही, यावर माझा पक्का विश्वास आहे. शेवटी आत घेताना प्रत्येक वेळेला 'ही भारतीय वेळ' अशी खूण जोडायची असं ठरलं, आणि पोरं आपापल्या तारखांना परत आली.

मी खूश झाले. वडिलांना मुद्दाम सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे काम संपलं?" संपलं असतं तर बरं झालं असतं.

नवं सॉफ्टवेअर माहिती आत घेताना थोडी पारखही करतं. त्याला काही नोंदी पटेनात, त्या त्यानं बाजूला काढून ठेवल्या. बघते तर काय, सगळा आधी कळस मग पाया. कुणी बाई बाळंत व्हायच्या आदल्या तारखेला बाळ घेऊन घरी गेलेली. कुणाचं बाळ जन्मायच्या आधी मोठ्या दवाखान्यात पाठवलेलं. आणि थोड्या नोंदी अशा, की ज्यात आई आदल्या तारखेला वारली होती आणि बाळ दुसऱ्या तारखेला जन्मलं होतं. या शेवटच्या नोंदी मी एकदा बघितल्या आणि पडदा खाली सरकवला. वाचवत नव्हत्या.

साडेपाच तासांचा यात संबंध नव्हता, ते मी तपासलं. जुन्या निळ्या पडद्यावरही त्या तशाच होत्या. पुण्याचा गोड आवाज म्हणाला, "मॅम, जिथं मृत्यू जन्माच्या आधी येतोय तिथं दोन्हींची वेळ एकच करून टाकू या का? मग सिस्टिम घेईल." म्हणजे आई गेली आणि बाळ झालं, एकाच क्षणाला. सोयीचं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, सिस्टिमला गिळता येत नाही म्हणून मी माणसाच्या मरणाची वेळ बदलायची? त्यानंतर दोन दिवस त्यांनी माझा फोन उचलला नाही.

त्या काळात नोंदी करणाऱ्या बाई आता कामावरून निवृत्त होऊन पाथरीला मुलाकडे राहतात, असं मैत्रिणीनं सांगितलं. मी एसटीनं पाथरीला गेले. मावशी ओट्यावर बसून ज्वारी निवडत होत्या. दवाखान्याचं नाव काढल्यावर आधी जुन्या डॉक्टरसाहेबांची आठवण निघाली, डोळ्यांना पदर लागला, चहा आला. मग मी मुद्द्यावर आले.

"मावशी, रात्री बारानंतर काही झालं, तर तुम्ही तारीख कुठली टाकायचात?"

"कुटली म्हंजे? ज्या दिवसाची रात, त्या दिवसाची."

"पण बारा वाजले की तारीख बदलते ना?"

"कुनाची बदलती?" मावशींनी सूप खाली ठेवलं. "उजाडल्याबिगर मंगळवार कसा व्हईल बाई? सोमवारची रात ती सोमवारचीच न्हाई का?"

"मग जन्माच्या तारखा घड्याळाप्रमाणे बरोबर कशा आहेत?"

"ती तारीख मिशीनच टाकायचं. मला हात बी लावू द्यायचं न्हाई. घरी सोडल्याची, दुसरीकडं धाडल्याची, मयताची, तेवढीच मी टाकायची." त्यांनी सूप परत उचललं. "आन् ते मिशीन चुकायचं बरं का. रातीच्याला उद्याची तारीख टाकायचं. मी सायबाला लय खेपा सांगितलं, पर त्येनी काई मनावर घेतलं न्हाई."

मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं एकाच दवाखान्यात, एकाच पडद्यावर, दोन वेगवेगळे दिवस चालले होते. यंत्राचा दिवस मध्यरात्री सुरू व्हायचा आणि मावशींचा सूर्य उगवल्यावर. वाद घालून उपयोग नव्हता. मावशी त्यांच्या जागी ठाम होत्या आणि ज्वारीत खडे फार होते.

आणि खरं सांगायचं, तर मला वाद घालायला तोंडही नव्हतं. आमच्या घरानंही हेच केलंय. मी शाळेत असताना मामाच्या लग्नाला जायचं होतं. गाडी परभणीला यायची रात्री बारा वाजून गेल्यावर, आणि तिकीट मंगळवारचं. आम्ही मंगळवारी दिवसभर बांधाबांध केली, रात्री जेवून, दशम्या बांधून, बोचकी घेऊन स्टेशनवर गेलो. गाडी आदल्या रात्रीच निघून गेली होती. वडील तिकीट तपासनिसाशी तावातावानं भांडले. तिकीट मंगळवारचं आहे, आज मंगळवार आहे, मग माझी गाडी कुठे आहे? तो बिचारा समजावत होता, काका, तुमचा मंगळवार काल रात्रीच लागला. वडील अजूनही सांगतात की रेल्वेनं त्यांना फसवलं. डोकं तापायची देणगी मला कुठून मिळाली, ते यावरून कळेल.

आपल्या भाषेतच ते आहे. आपण म्हणतो सोमवार उजाडला. मध्यरात्री काही उजाडत नसतं. पाथरीहून परत येताना एसटीत मी हा विचार करत होते आणि मला मावशींचा राग यायच्याऐवजी कौतुकच वाटायला लागलं होतं. चूक सापडली की ती करणाऱ्या माणसाबद्दल मला माया वाटायला लागते. ही माझी जुनी खोड आहे.

मी एक रीत ठरवली. हातानं टाकलेली तारीख आणि मध्यरात्र ते उजाडेपर्यंतची वेळ असेल, तर ती तारीख एकानं पुढे न्यायची. पण आंधळेपणानं नाही. प्रत्येक नोंदीत बाई दवाखान्यात भरती कधी झाली, ते बघायचं. भरती बहुतेकदा दिवसाउजेडी नाहीतर संध्याकाळी व्हायची, तिथं घोळ नव्हता. भरती आधी, मग बाळंतपण, मग पुढचं. हा क्रम जुळला तरच नोंद पक्की करायची. एकेक नोंद घेऊन मी बसले. बाळंत होऊन उजाडायच्या आत घरी नेलेल्यांच्या आधी घेतल्या, मग दुसरीकडे पाठवलेल्यांच्या. वारलेल्या आयांच्या शेवटी ठेवल्या. आज घेऊ, उद्या घेऊ करत त्या राहिल्या.

तेवढ्यात मैत्रिणीनं एक उद्योग करून ठेवला. काउंटरवरच्या बाईंना सवय व्हावी म्हणून तिनं नवं सॉफ्टवेअर तिथं सुरू करून दिलं. मी नको म्हणाले होते. जुनं अजून कच्चं आहे, म्हणाले होते. ती म्हणाली, "अगं, नव्या पेशंटपुरतंच वापरतील, जुनं कोण बघतंय?"

जुनं बघणारा माणूस तिसऱ्याच दिवशी आला.

सकाळी तिचा फोन. आवाज दबलेला होता. "तू असशील तशी ये. तुझ्या कॉम्प्युटरनं एका माणसाला मेलेल्या बाईच्या पोटी जन्माला घातलंय." मी स्कूटी काढली. रस्ताभर मी तिला शिव्या घालत होते, आणि मधूनमधून स्वतःलाही, कारण ती नोंद कुठली असणार ते मला कळलं होतं.

झालं होतं ते असं. झरीचा एक तरुण शेतकरी बायकोला पहिल्या बाळंतपणासाठी घेऊन आला होता. कळा सुरू होत्या, तिला वर नेलं होतं. तो खाली काउंटरवर माहिती लिहून देत होता. बाईंनी सहज विचारलं, आधी कधी आला होता का आमच्याकडे? तो हसून म्हणाला, आलतो की, माजा जनमच हितला. बाईंना नव्या सॉफ्टवेअरचं कौतुक. त्यांनी त्याच्या आईचं नाव टाकलं, बाजूला काढून ठेवलेल्यांतली नोंद निघाली, आणि काही न वाचता त्यांनी ती छापून त्याच्या हातात दिली. त्यावर आईच्या मृत्यूची तारीख सोमवारची होती, आणि त्याच्या जन्माची मंगळवारची.

आई आपल्या जन्माच्या वेळी गेली, हे त्याला माहीत होतं. ती आदल्या दिवशी गेली, हे नव्हतं. त्याच्या सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. काय लिवलंय, असं त्यांनी विचारलं आणि तोही भाबडा, त्यानं वाचून दाखवलं.

मी पोचले तेव्हा सासूबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून मैत्रिणीशी भांडत होत्या. "सोमवारी मेली आन् मंगळवारी ह्यो? म्हंजी मढ्याच्या पोटातून काढलेला हाय का ह्यो? आन् माजी लेक मी ह्येला दिली? मला न्हाई ठिवायची हितं माजी लेक. जीप बोलवा."

"आजी, तिला आता हलवता येणार नाही," मैत्रीण सांगत होती. "बाळ खाली सरकलंय. रस्त्यात काही झालं तर?"

"हितं ऱ्हायली तर काय व्हतंय ते दिसलं की कागदावर!"

तो तरुण बाकावर बसला होता. कागद मांडीवर. आजूबाजूला बायका, त्यांच्या सोबतीची माणसं, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. मला बघून मैत्रिणीनं त्याला सांगितलं, या मॅडमना विचारा, यांनी केलंय हे. वा रे मैत्रीण! तो उठून उभा राहिला. चेहरा असा, की वर्गात मास्तरांनी उभं केलंय आणि काय चुकलं ते कळत नाहीये.

"म्याडम," तो म्हणाला, "हे खरं हाय का?"

आयुष्यात मी पुष्कळ चुकीच्या नोंदी बघितल्या आहेत. अशी समोर उभी राहून प्रश्न विचारणारी कधी बघितली नव्हती.

"खरं नाही," मी म्हणाले. "पाच मिनिटं द्या मला. आणि आजी, तुम्हीही इकडे या. भांडण नंतर करा, मीही येते भांडायला." सासूबाई जरा चपापल्या आणि आल्या. मी काउंटरच्या कॉम्प्युटरवर बसले आणि नोंद उघडली.

भरती सोमवारी संध्याकाळी. जन्म मंगळवारी, मध्यरात्र उलटून थोड्या वेळानं, यंत्राच्या तारखेनं. मृत्यू रात्री साडेतीन, आणि पुढे मावशींनी हातानं टाकलेली तारीख, सोमवारची.

"हे बघा," मी म्हणाले. "तुमच्या आई इथं आल्या सोमवारी संध्याकाळी. आल्याची नोंद आहे. आता त्या सोमवारी पहाटे साडेतीनला वारल्या असं धरलं, तर त्याच दिवशी संध्याकाळी दवाखान्याची पायरी चढून आल्या कोण?"

तो बघत राहिला. सासूबाईंच्या मात्र लगेच ध्यानात आलं.

"अगं बया! सोमवारच्या राती म्हना की! उजाडायच्या आत!"

"तेच."

"मग ते सोमवारच की. बरुबर लिवलंय त्या बाईनं. तुमच्याच मिशीनला कळंना." एवढं बोलून त्यांनी पदर सावरला. मग जावयाकडे बघितलं, आणि त्यांचा आवाज उतरला. "मी आपलं घाबरले. लेक वर हाय माजी." आणि त्या जिना चढून वर गेल्या. मैत्रिणीनं माझ्याकडे बघून हात जोडले आणि तीही त्यांच्या मागे पळाली.

मी तिथंच नोंद दुरुस्त केली. मृत्यूची तारीख एकानं पुढे नेली. इतके दिवस अडून बसलेल्या सॉफ्टवेअरनं ती निमूटपणे आत घेतली. नवा कागद छापून मी त्याला दिला आणि जुना फाडून टाकला. मला इतका आनंद झाला होता, की काय सांगू. एखाद्याची हरवलेली गाय दावणीला आणून बांधावी, तसं वाटत होतं.

तो कागद हातात घेऊन तिथंच उभा राहिला. "म्हंजे मी आदी झालो," तो म्हणाला.

"हो. तुम्ही आधी."

त्यानं गळ्यातल्या गमछ्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. मग म्हणाला, "लय उपकार झाले म्याडम. हे डोस्क्यात घिऊन मी वर कसा गेलो असतो?" मी म्हणाले, अहो उपकार कसले, आमचीच चूक. त्यानं परत कागद बघितला. शाळा जेमतेम झालेली असावी, आकड्यांवर बोट ठेवून बघत होता.

"मधी किती येळ हाय ह्यो?"

मला वाटलं, त्याला हे हवंय. मला वाटलं, हेच तर द्यायचंय. मी उत्साहानं सांगितलं, "जवळजवळ तीन तास. तीन तास होत्या त्या. म्हणजे त्यांनी तुम्हाला बघितलं असणार, जवळ घेतलं असणार."

तो हसला. खरंच हसला, लहान मुलासारखा. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे कागदावर गेले.

"चुलतीनं वाढवलं मला," तो म्हणाला. "तिच्याच मांडीवर लहानाचा मोठा झालो. मी इचारायचो, आई कशी गेली? ती म्हनायची, तू रडलास आन् तिनं डोळे मिटले. पापनी लवायच्या आत. काई करायला येळच न्हवता." त्यानं मृत्यूच्या वेळेवर बोट ठेवलं. "बाप तवा ऊसतोडीला कारखान्यावर गेलता. आईसंगं चुलता आन् चुलतीच व्हते. बाप तिसऱ्या दिवशी आला. त्येला बी तेच सांगितलं. तो बी मरुस्तोवर तेच म्हनायचा, काय करनार, येळच मिळाला न्हाई."

मला आता दिसायला लागलं होतं, आणि दिसायला नको होतं.

"तीन तासात नांदेडचा मोठा दवाखाना गाठता येतो की, म्याडम," तो म्हणाला.

आवाजात राग नव्हता. रस्त्याचा हिशोब विचारावा तसं विचारलं त्यानं. मी घाईघाईनं बोलायला लागले. की इथं डॉक्टरांनी प्रयत्न केलेच असतील. की त्या काळी वेळेवर रक्त मिळायचं नाही, गाडी मिळायची नाही. की कदाचित नेण्यासारखी अवस्थाच नसेल. की कदाचित तुमच्या चुलतीला आतलं काही माहीतच नसेल, त्यांना बाहेर बसवलं असेल, शेवटीच आत बोलावलं असेल. मी 'कदाचित' हा शब्द किती वेळा वापरला कुणास ठाऊक. जुने डॉक्टर हयात नव्हते. त्या तीन तासांत कोणी काय केलं, कोणी काय करायचं टाळलं, कोण काय म्हणालं, यातलं काहीही त्या नोंदीत नव्हतं. तिथं फक्त दोन वेळा होत्या, आणि त्या मी मोठ्या अभिमानानं जुळवून दिल्या होत्या.

तो ऐकत होता. "व्हय," म्हणत होता. मध्येच त्यानं कागद माझ्यापुढे धरला. "ह्यातली कंची बी तारीख चुकीची न्हाई ना आता?"

मला खोटं बोलता आलं असतं. अजून नक्की नाही, तपासावं लागेल, असं म्हणता आलं असतं. त्याला एक फट ठेवता आली असती. मी म्हणाले, "नाही. आता बरोबर आहे."

त्याच वेळी दवाखान्याच्या फाटकाशी जीप थांबली. झरीकडची माणसं उतरली आणि त्यांच्यात एक म्हातारी, बुटकी, कपाळावर मोठं कुंकू, काखेत बोचकं. बोचक्यातून जुन्या लुगड्याची शिवलेली दुपटी डोकावत होती. ती लगबगीनं पायऱ्या चढत होती आणि चढता चढताच तिनं त्याला बघितलं. तिचा चेहरा उजळला. आपल्या पोटच्या पोराला बघून उजळतो, तसाच. कोण आली, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यानं कागदाची घडी केली. परत एक घडी केली. एवढीशी होईपर्यंत घड्या घातल्या आणि ती शर्टाच्या खिशात ठेवली.

म्हातारी धापा टाकत त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. "झाली का रं बाळंत?" तो तिच्याकडे बघत राहिला. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ती घाबरली. बोचकं खाली ठेवून तिनं पदराच्या शेवानं त्याचं कपाळ पुसलं. "आसा काय बघायलास माज्याकडं? बोल की रं. सगळं नीट हाय न्हवं?"

मी काउंटरमागे बसले होते. उठून आत जावं एवढंही मला सुचलं नाही. मला भीती वाटत होती, की तो आता विचारणार, आणि त्याहून भीती वाटत होती, की तो कधीच विचारणार नाही.

त्यानं वाकून बोचकं उचललं.

"न्हाई झाली," तो म्हणाला. "अजून येळ हाय."